बॅरिॲट्रिक ऑपरेशननंतर रोजचं जेवण कसं बसवावं

तपासण्या, विमा, ऑपरेशनआधीचं पथ्य हे सगळं तुमचं उरकलेलं आहे असं मी धरून चालते. हा लेख बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याचं पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आल्यानंतरचा आहे. माझं स्लीव्हचं ऑपरेशन 2017 साली झालं. त्यानंतर नणंदेचं पोटाचं बायपास झालं, मग नौपाड्यातल्या आमच्याच इमारतीत दोघांचं आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं. पाचही वेळा पहिल्या तीन महिन्यांचं खाणंपिणं मी जवळून सांभाळलं आहे, आणि पाचही वेळा आजूबाजूच्यांकडून तेच चुकीचे सल्ले ऐकले आहेत. तुमच्या सर्जनने आणि डाएटिशियनने दिलेला तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा. तो तक्ता ठाण्यातल्या मराठी घरात, सासूबाई, डबा आणि लोकलसकट कसा पाळायचा, तेवढं मी सांगते.

आत काय झालंय ते आधी नीट समजून घ्या. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. तिच्यात 100 ते 150 मिली मावतं. बायपासमध्ये वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलीची पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. म्हणजे पोट छोटं झालंय, पण हाताची, जिभेची आणि घड्याळाची सवय जुनीच आहे. सगळी अडचण तिथून सुरू होते.

पहिले दोन आठवडे: पातळ

औषधाच्या बाटलीचं 30 मिलीचं टोपण घ्या आणि दर पंधरा मिनिटांनी एक टोपण, घोट घोट करून. दिवसभरात दीड लिटरच्या पुढे सहज जातं. स्ट्रॉ नको, सोडा नको. घरातल्या घरात दर दोन तासांनी चाला. आठवड्याभराने मी तलावपाळीला एक फेरी मारत होते. जांभळी नाक्यावरून भाजीची पिशवी उचलून आणणं मात्र सहा आठवडे दुसऱ्यावर सोपवा.

एका गोष्टीवर मी भांडते, ती म्हणजे पेज. आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की पेज, साबुदाण्याची खीर, मोसंबीचा रस. प्रेमाने देतात, मला कळतं. पण या माणसाला दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं आणि पोटात जागा आहे टोपणभर. ती जागा पेजेने भरली तर अंगातला स्नायू झिजतो. जे पचेल त्या दुधात मिसळलेली प्रोटीन पावडर, पातळ ताक, गाळलेलं मुगाचं कढण आणि चालत असेल तर चिकनचं गाळलेलं सूप, हे आधी. दुधाने पोट फुगत असेल किंवा ढाळ होत असेल तर दुग्धशर्करा नसलेली पावडर पाण्यातून घ्या.

तिसरा-चौथा आठवडा: वाटलेलं

मिक्सर आणि गाळणी. मुगाचं घट्ट वरण, घोटलेली दुधी, मीठ घातलेला चक्का, पाण्यात सारखं केलेलं पनीर. ही पायरी सोपी आहे, फक्त कंटाळवाणी आहे.

पाचव्या आठवड्यापासून: चावून खायचं अन्न

इथे घाई करू नका. अवघड ते हेच.

सातव्या आठवड्यात एका रविवारी मला बरं वाटत होतं. सासूबाईंनी घडीची पोळी केली होती, मऊसूत, तुपाचा हात लावलेली, आणि दुधीची भाजी. मी नेहमीसारखा घास तोडला. तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं झालं. मी पाणी प्यायले. त्याने दगड दुप्पट झाला. तोंडाला फेसाळ लाळ सुटली, थुंकावी तितकी कमी, आणि चाळीस मिनिटं मी बेसिनपाशी उभी होते. आतले टाके सुटले असं वाटून रडले. सर्जनना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न होता, किती वेळात खाल्लंत? पाच मिनिटांत, मी म्हटलं. त्यांना पुढचं काही विचारायची गरज पडली नाही.

मऊ पोळी या नळीची वैरी आहे. ती चावली की तिचा पुन्हा कणकेचा गोळा होतो आणि वाटेत बसतो. पावाचं तेच, मऊ चिकट भाताचं तेच. घरचे मात्र म्हणतात, ‘मऊच आहे, खा की.’ मऊ म्हणजे सोपं, हा समज डोक्यातून काढून टाका. या पोटाला ओलसर आणि सुटं पडणारं अन्न सोपं जातं. चिकनचा कोरडा छातीचा तुकडा, ओलं खोबरं, गवारीचे धागे, मोसंबीच्या फोडीची साल, शेवग्याचा चोथा, हे सगळं अडकतं. कडक भाजलेल्या पातळ भाकरीचा पापुद्रा पोळीपेक्षा कितीतरी आधी चालला, मला आणि नणंदेलाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ओलं प्रोटीन: मऊ शिजवलेलं अंडं, पिठलं, रश्शातला ताजा बोंबील काटा काढून, कुस्करलेलं पनीर, मुगाची सालीविना उसळ. चार-पाच दिवसांनी ओलसर खिमा. मग दुधी, दोडका, लाल भोपळा. भात त्यानंतर, आणि पोळी सगळ्यात शेवटी, तिसरा महिना सरल्यावर. पोळीचा घास शेंगदाण्याएवढा, आमटीत भिजवलेला नव्हे तर नुसता, आणि वीस-पंचवीस वेळा चावून.

नवीन पदार्थ एका वेळी एकच, दोन चमचे, दुपारी आणि घरी. सकाळी अनेकांचं पोट आवळलेलं असतं. काल रात्री चाललेलं अंडं आज सकाळी चालत नाही, तेव्हा घाबरू नका. ऑफिसात किंवा लग्नाच्या पंगतीत नवीन प्रयोग कधीही नको.

लहान मुलाचा चमचा घ्या. प्रत्येक घासानंतर तो खाली ठेवा, हातात धरून बसू नका. हातात राहिला की तो आपोआप भरला जातो. वाटी लहान असू द्या: दुसऱ्या महिन्यात पाव ते अर्धी वाटी पुरते. जेवण वीस मिनिटांचं, अर्ध्या तासाच्या वर नाही. अर्धा तास झाला की उरलेलं झाकून ठेवा. बसून चघळत राहिलं तर जास्त जातं.

आता थांबायचं कधी? जुनं पोट ‘भरलं’ म्हणायचं ते स्पष्ट ऐकू यायचं. नवं पोट तसं सांगत नाही. माझ्या नाकातून पाणी येतं, अगदी एक थेंब, पण चुकत नाही. नणंदेला उचकी लागते. ऑफिसातल्या मैत्रिणीला शिंक. कुणाला नुसता एक खोल उसासा येतो. आपली खूण कोणती हे पहिल्या दोन आठवड्यांत शोधून काढा आणि ती आली की तोंडासमोरचा घास परत वाटीत ठेवा. ‘एवढाच उरलाय, टाकायचा का’ हा विचार ज्याचा त्याने स्वतःच आवरायचा आहे. तो शेवटचा घासच बेसिनपाशी नेतो.

आणि पाणी. जेवताना नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. पाणी घातलं की अन्न नळीतून भरभर खाली वाहून जातं, तासाभरात पुन्हा भूक लागते आणि पुढे वजन परत चढतं. आमटीचा भुरका आणि जेवणाअखेरचं ताक ही आपली दोन्ही सुखं इथे आडवी येतात. ताक प्या, पण चार वाजता.

अडकलंच तर पाणी पिऊ नका. ताक नको, सोडा नको, वरून पोळीचा घास तर मुळीच नको. उठा, खांदे सैल सोडा, सावकाश चाला, लाळ थुंकत राहा. वीस मिनिटांपासून तासाभरात ते खाली जातं किंवा वर येतं. त्यानंतर पूर्ण दिवस पातळच घ्या, कारण आतून सूज आलेली असते. काही तासांनंतर पाण्याचा घोटही उतरत नसेल तर घरी वाट बघत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

डबा आणि लोकल

माझं ऑफिस दादरला. सात वाजता नाश्ता, पावणेआठनंतर ठाण्याहून गाडी, घाटकोपरपर्यंत घोट घोट पाणी. एक वाजता जेवण, पाण्याची बाटली एक पन्नासला उघडायची. फोनवर गजर लावा, नाहीतर दिवसाचं पाणी राहून जातं. लोकलच्या गर्दीत घास अडकणं फार भयंकर, म्हणून गाडीत घन काही खाऊ नका.

डब्यात एकच लहान डबी. आधी प्रोटीन संपवायचं, मग भाजी, जागा उरली तर भात. चहाबरोबरच्या चिवड्यापासून सावध राहा. चिवडा, चकली, बिस्किटं तोंडात विरघळतात, कुठे अडकत नाहीत, पोट थांब म्हणत नाही, आणि दिवसभरात तीन वाट्या जातात. दुसऱ्या वर्षी ज्यांचं वजन पुन्हा वाढताना मी पाहिलं, त्यांचं बहुतेक चिवड्यानेच वाढलं, जेवणाने नाही.

आग्रह, प्रसाद, उपास

घरच्यांना पहिल्याच आठवड्यात बसवून सांगा की आग्रह हे आता दुखणं आहे. बाहेर तपशिलात शिरू नका. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय’ हे वाक्य पुरतं.

बायपासवाल्यांनी गोडाचं विशेष जपा. नणंदेने सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायचा नाही म्हणून वाटीभर शिरा खाल्ला. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ, आणि मग ढाळ. साखर आतड्यात एकदम उतरली की असं होतं. दोन-तीन तासांनी रक्तातली साखर खूप खाली जाऊन चक्करही येऊ शकते. प्रसाद चिमूटभर, जिभेवर. तो तितकाच पावतो. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे जुने डोस चालू ठेवू नका. ते लवकर कमी करावे लागतात, पण ते डॉक्टरांकडूनच.

पहिलं वर्ष उपास नको. आषाढी, श्रावणी सोमवार, काहीच नाही. साबुदाणा, रताळं यांत प्रोटीन नाममात्र, वऱ्याच्या तांदळांत थोडंच असतं आणि निर्जळी तर धोक्याची आहे.

गोळ्या आणि तपासण्या

जन्मभर. ‘वजन उतरलं, आता कशाला’ म्हणून आमच्या इमारतीतल्या एकाने दीड वर्षाने सोडल्या आणि हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. बी12 तळाला गेलं होतं. मल्टिव्हिटॅमिन, बी12, डी, लोह आणि कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेटच मागून घ्या, कमी आम्लातही ते शोषलं जातं. दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम, 500च्या आसपास विभागून. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहा नाही. रक्ततपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी, मग दरवर्षी, आणि त्यात फेरिटिन सांगून घाला. नुसत्या हिमोग्लोबिनवर लोहाची खरी शिल्लक कळत नाही.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. कंगव्यात पुंजके येतात. प्रोटीन आणि लोह नीट असेल तर परत येतात, माझे आले. महागडी तेलं घेऊ नका. बाळ हवं असेल तर बारा ते अठरा महिने थांबा, आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबण्याआधी डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, विशेषतः बायपासनंतर. पिशवी आतड्याला जोडलेली असते त्या जोडाशी अल्सर होतो.

हे दिसलं तर लगेच

पहिल्या काही आठवड्यांत ताप, विसावलेलं असतानाही 120च्या वर नाडी, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं, धाप किंवा एका पोटरीला सूज: यांतलं काहीही आलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन परत झोपू नका.

उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर ते ‘पोट बिघडलंय’ नव्हे. शरीरातलं बी1, म्हणजे थायमिन, फार लवकर संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांपुढे दोन दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं ही त्याची लक्षणं. अशा माणसाला ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, आणि ऑपरेशनचं माहीत नसलेल्या डॉक्टरांच्या ते लक्षात येईलच असं नाही. म्हणून माझ्या पाकिटात, रेल्वेच्या पासामागे, एक कार्ड असतं: ऑपरेशनचा प्रकार, तारीख, सर्जनचा फोन, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘ग्लुकोजआधी थायमिन’. नणंदेच्या पर्समध्येही तसंच एक मी स्वतः घालून दिलं आहे.