रात्री उजनी धरणात होडी काढायची तर सोलर दिव्यांची तयारी

मागच्या उन्हाळ्यात मामांच्या होडीवर सोलर दिवे मीच बसवले आणि पहाटे तीनच्या सुमाराला भर पाण्यात ते विझले. समोरून इंजिनाची होडी येत होती. मामांनी हातातली बॅटरी हलवून आरडाओरडा केला म्हणून ती बाजूनं गेली. चूक माझी होती. ओल्या जाळ्याचा ढीग आम्ही दिवसभर दिव्यांवरच टाकून ठेवला होता. पॅनेलला ऊन मिळालं नाहीच, वर झाकलं गेल्यामुळे रात्र झाली असं समजून दिवे दिवसाच पेटले आणि होती ती बॅटरीही संपवून बसले.

म्हणून पहिली गोष्ट: पॅनेलवर जाळं टाकू नका. ताडपत्री नको, टोपली नको, वाळत घातलेला शर्टसुद्धा नको.

दिवे घेताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे, दोन्ही पुढे तोंड करून. पांढरा सगळीकडून दिसणारा. लुकलुकणारे घेऊ नका, स्थिर हवेत. समुद्रातल्या नियमाप्रमाणे १२ मीटरपेक्षा लहान नावेचे लाल-हिरवे दिवे एक सागरी मैल, म्हणजे साधारण १.८५ किलोमीटरवरून दिसावेत आणि पांढरा दोन सागरी मैलांवरून. ७ मीटरपेक्षा लहान, ७ नॉटच्या (ताशी साधारण १३ किलोमीटरच्या) पुढे न पळणाऱ्या इंजिनाच्या होडीला एकटा पांढराही चालतो. तरी रंगीत दिवे लावाच. समोर लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले की ती होडी सरळ आपल्यावर येतेय, हे अंधारात दुसरं कोण सांगणार?

पांढरा दिवा बांबूवर उंच बांधा. खाली बांधला तर उभ्या माणसाच्या आड जातो, शिवाय आपलेच डोळे दिपतात आणि पाण्यातलं झाडाचं खोड दिसत नाही. लाल-हिरव्याची अदलाबदल झाली नाही ना, हे होडीत बसून बघा, काठावर समोर उभं राहून नाही. तिथून डावं-उजवं उलटं दिसतं.

पाण्यात नेण्याआधी दोन रात्री अंगणात लावून ठेवा. उजाडेपर्यंत टिकले पाहिजेत. संध्याकाळी तासभर पेटले म्हणून खूश होऊ नका, आमचेही पेटले होते. पॅनेलवरची धूळ आणि बगळ्यांची घाण रोज ओल्या फडक्यानं पुसा. आपल्याकडे उन्हाचा तोटा नाही, पण ते पॅनेलपर्यंत पोचलं पाहिजे, जाळ्यापर्यंत नाही. पावसाळ्यात सलग ढग असले तर दिव्याच्या भरवशावर जाऊच नका.

बाकी लाईफ जॅकेट, शिटी, हातातली बॅटरी, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. वारा सुटला तर होडी काठालाच. उजनीतच कुगावहून कळाशीला जाणारी नाव २१ मे २०२४ ला वाऱ्यातच उलटली आणि सहा जण गेले. तिथे दिवा काही करत नाही.

सकाळी परत आलात की मासे उतरवायच्या आधी जाळं काठावर पसरा. होडीत नाही. काठावर.