घायपात आणि बांधावरची झाडं: या चुका टाळा

माण, आटपाडी, सांगोल्याच्या बाजूला बांधावर घायपात सर्रास दिसतं. जनावर त्याला तोंड लावत नाही, ते पाणी मागत नाही, भर उन्हाळ्यात हिरवं राहतं. म्हणून बहुतेकांच्या लेखी ते नुसतं कुंपण. पण याच पानातल्या वाखापासून, म्हणजे चिवट धाग्यांपासून, मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कासरे, दावी, चऱ्हाटं वळली. वाखाचा दोर तुटला तरी मातीत मिसळून जातो; नायलॉनचे तुकडे रानात वर्षानुवर्षं पडून राहतात. वाख हवा असेल, तर हे पीक पीक म्हणूनच सांभाळावं लागतं.

रोप न बघता लावणं

पानाच्या दोन्ही कडांना काटे असलेलं निळसर-करडं घायपात राखणीला उत्तम. वाखासाठी मात्र गडद हिरव्या, जवळपास गुळगुळीत कडांचं आणि फक्त टोकाला काटा असलेलं सिसल लावा. ते मूळचं मेक्सिकोचं. बी सहसा धरत नाही, त्यामुळे बुडातून फुटणारी पिल्लं किंवा फुलाच्या दांड्यावर येणारी बुलबिल्स (इवलीशी तयार रोपटी) हीच त्याची रोपं. बुलबिल्स थेट बांधावर नेऊ नका. आधी वाफ्यात वाढवून चांगली जोमदार झाली की मगच लावा.

झाडाच्या सावलीत लावणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आंब्याखाली, चिंचेखाली जागा मोकळी पडली म्हणून तिथे घायपात खोचतात. त्याला भरपूर ऊन लागतं. सावलीत ते मरत नाही, पण वाढ रेंगाळते आणि वाख कमी निघतो. वरून पालापाचोळा मधल्या कोंबात साचतो आणि पावसाळ्यात तिथे ओल धरून राहते.

झाड पूर्ण वाढल्यावर त्याचा घेर कुठवर येईल, ते आजच धरा आणि घायपात त्याच्या बाहेर ठेवा. आपल्याकडे वर्षातला बराच काळ दुपारची सावली उत्तरेला पडते, म्हणून झाडांच्या दक्षिणेला घायपात असलं तर दोघांचं जमतं. सोबतीला सीताफळ, शेवगा, हादगा, बोर चालतात. पण बोराला अगदी खेटून घायपात लावू नका. बोरं वेचणाऱ्याच्या पोटऱ्या त्या टोकाच्या काट्यांनी फाटतात.

सलग लागण करायची तर दोन ओळींत 1 मीटर, दोन रोपांत 1 मीटर आणि पुढच्या जोडओळीपर्यंत 3.5 मीटर अंतर धरतात. हेक्टरी साधारण 4,400 रोपं बसतात. मधल्या पट्ट्यात हुलगा, मटकी घेता येते. झाडं घालायची असतील तर हा पट्टा आणखी रुंद हवा.

झाडाचं पाणी घायपाताच्या बुडाशी

सीताफळाच्या कोवळ्या रोपाला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. ते वाहून घायपाताच्या बुडाशी साचलं तर मुळं कुजतात. झाडाचं आळं वेगळं, बंदिस्त करा आणि घायपात उंचवट्यावर, निचऱ्याच्या मुरमाड जागी ठेवा. त्याची मुळं वरच्या थरातच पसरतात, म्हणून खेटून लावलेल्या लहान झाडाच्या वाट्याचं पाणीही ते ओढून घेतं.

पानं ओरबाडणं

पहिली काढणी साधारण तिसऱ्या वर्षी. मधला सुईसारखा कोंब आणि त्याला बिलगून उभी असलेली पानं कधीच कापायची नाहीत. जी पानं खोडापासून बाहेर झुकून 45 अंशांच्या खाली आली आहेत, तेवढीच घ्या. पहिल्या काढणीला वीसेक पानं तरी झाडावर राहू द्या. एकदाच सगळं ओरबाडलं तर पुढची पानं आखूड येतात, मग वाखही आखूड.

कोयत्याने आधी टोकाचा काटा उडवा, मग पान खोडालगत कापा. रस अंगावर उडाला की आग होते, पुरळ येतं. डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. लांब बाह्या, हातमोजे, चष्मा लागतोच.

पानं ओढ्यात सडवणं

पाणी नासतं, मासे मरतात, दुर्गंधी सुटते आणि जास्त दिवस राहिलेला वाख कमकुवत होतो. शक्य असेल तिथे वाख काढायचं यंत्र गावात मिळून घ्या. कापलेली पानं दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्रातून काढा. वाळली की गर सुटत नाही. वाख लगेच स्वच्छ पाण्यात धुऊन तारेवर उन्हात वाळवा. धुणं टाळलं तर तो पिवळट, चिकट राहतो. 100 किलो पानांतून कोरडा वाख 3 ते 4 किलोच निघतो. वाहतुकीचा हिशेब आधी करा. लांबच्या यंत्राकडे पानं नेणं परवडत नाही. उरलेला चोथा थेट झाडांच्या बुडाशी न टाकता खड्ड्यात कुजवून खत म्हणून वापरा.

दांडा आल्यावर वाट बघणं

घायपात आयुष्यात एकदाच फुलतं, साधारण 7 ते 10 वर्षांनी, आणि मग वाळतं. दांडा छाटून ते वाचत नाही. दांडा वर निघाला की कामाची पानं उतरवून घ्या, बुलबिल्स गोळा करा आणि बुडातलं एखादं जोमदार पिल्लू राखून बाकीची काढून दुसरीकडे लावा. ती तशीच सोडली तर दोन-तीन पावसाळ्यांत सीताफळाच्या खोडापर्यंत जाळी होते आणि फळं उतरवायला आत शिरता येत नाही.