डीव्हीडी न थांबता फिरत ठेवायची असेल तर

दुकानात, वस्तुसंग्रहालयाच्या दालनात किंवा गणेश मंडळाच्या देखाव्यात एकच फिल्म दिवसभर चालू ठेवायची म्हटलं की कुणीतरी सांगतंच, ‘रिमोटवरचं रिपीट दाबा की.’ हा सल्ला पहिल्यांदा लाईट जाईपर्यंत टिकतो. वीज परत आली की बहुतेक प्लेअरना रिपीट आठवत नाही. शिवाय तेच बटण एकदा दाबलं तर चॅप्टर (फिल्मचा एक तुकडा), दोनदा दाबलं तर टायटल (अख्खी फिल्म), आणि पुढे कधीतरी रिपीट बंद. पुन्हा सुरू होण्याचा हुकूम डिस्कवरच लिहिलेला हवा. डीव्हीडी-व्हिडिओत, म्हणजे प्लेअरवर चालणाऱ्या फिल्मच्या डिस्कच्या ठरलेल्या रचनेत, ती सोय आहे. नुसती एमपीफोर फाइल डिस्कवर टाकली तर नाही.

डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पाल (PAL) ही आपल्याकडची टीव्ही पद्धत निवडा (७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम), टेम्प्लेट म्हणजे तयार मेनूचा साचा घेऊ नका आणि आलेला मेनू काढून टाका. मेनू राहिला तर डिस्क तिथेच कुणीतरी ओके दाबायची वाट बघत बसते.

व्हिडिओ आत घेतला की टायटलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे ‘पोस्ट कमांड्स’ नावाचा रकाना असतो. टायटल संपल्यावर प्लेअरने काय करायचं ते इथे ठरतं. आधीपासून काही लिहिलेलं असेल तर पुसा आणि इंग्रजीत ‘जंप टायटल १’ (jump title 1) टाइप करून शेवटी अर्धविराम (;) द्या. तो विसरू नका.

चार-पाच वेगवेगळ्या क्लिप असतील तर त्यांचे वेगवेगळे टायटल करून एकातून दुसऱ्यात उड्या मारायला लावू नका. एका टायटल-सेटमधून (टायटलच्या गटातून) दुसऱ्यात थेट उडी घेता येत नाही, मधे आणखी कमांड घालाव्या लागतात, आणि प्रत्येक उडीला पडदा अडखळतो. एडिटरमध्ये सगळ्या क्लिप जोडून एकच फाइल करा.

आता खरी डोकेदुखी: सांधा. कमांड अचूक असली तरी शेवटाकडून सुरुवातीला जाताना चित्र सेकंद-दोन सेकंद गोठतं किंवा काळं होतं. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे लेन्सला मागे आतल्या कडेला यावं लागतं, डीकोडर (डिस्कवरच्या माहितीचं चित्र करणारा भाग) नव्याने सुरू होतो आणि तोवर बफर, म्हणजे आधीच वाचून ठेवलेला साठा, रिकामा झालेला असतो. महागडा प्लेअर घेतला की हे जातं, असं सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. कमी होतं, जात नाही.

उपाय प्लेअरवर नाही, फाइलमध्ये आहे. तीन मिनिटांची फिल्म एडिटरमध्येच तीस वेळा एकापुढे एक लावा. नव्वद मिनिटांची एक फाइल झाली. मधले एकोणतीस सांधे फाइलच्या आत असल्यामुळे दिसत नाहीत. लेन्सची उडी दीड तासातून एकदाच. व्हिडिओला सेकंदाला ६ मेगाबिट दिले तर हे सगळं ४.७ जीबीच्या डिस्कवर मावतं. त्याहून जास्त बिटरेट देऊ नका, घरी लिहिलेल्या डिस्कवर जुने प्लेअर अडखळतात. प्रत्येक आवर्तनाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक सेकंद काळा पडदा आणि शांतता ठेवा, म्हणजे ती एक उडीही मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते. संगीत ऐन तालात तुटलं तर मात्र दालनातल्या प्रत्येकाला कळतं.

शेवटच्या मिनिटाला एक चॅप्टर लावून ठेवा. तपासताना नव्वद मिनिटं बसावं लागत नाही.

आधी नुसती आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवून कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये बघा, पण व्हीएलसीचं स्वतःचं लूप बंद आहे ना ते पाहा, नाहीतर कमांड चुकलेली असूनही सगळं छान चालल्यासारखं दिसेल. मग पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या आर-डब्ल्यू डिस्कवर चाचणी. अंतिम प्रत मात्र एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरवर, ८ एक्स या लिहिण्याच्या वेगाने. आर-डब्ल्यूवरून प्रकाश कमी परावर्तित होतो आणि काही प्लेअर ती ओळखतच नाहीत. कागदी लेबल चिकटवू नका, दिवसभराच्या उष्णतेने सुटतं. मार्करने डब्यावर लिहा.

प्रत्यक्ष जागेवर प्लेअर आणि टीव्ही, दोन्हींच्या सेटिंगमधला ऑटो पॉवर ऑफ बंद करा. टीव्हीवरचा हमखास राहून जातो. मग डिस्क चालू असताना प्लग खेचा आणि परत लावा. काही प्लेअर वीज आल्यावर स्टँडबायलाच थांबतात. अशा प्लेअरसमोर कुठलीही डिस्क-कमांड चालत नाही, दाबून आत राहणाऱ्या पॉवर बटणाचा एखादा जुना प्लेअर शोधा.