'विदेशी माल घातक' अशी बातमी आली की आधी काय बघायचं

आमच्या घरच्या ग्रुपवर असलं काहीतरी सारखं येत असतं. प्लास्टिकचा तांदूळ, मेण लावलेली सफरचंदं, चायनाचा लसूण, विषारी खेळणी. आधी लोक घाबरून जायचे, आता उलट झालंय, "टीआरपीसाठी काहीही दाखवतात" म्हणून सगळंच सोडून देतात. चॅनलवाल्यांनी ही वेळ स्वतःच्याच हाताने आणलीय त्याबद्दल वाद नाही. पण यातली एखादी बातमी खरी असते आणि नेमकी तीच आपण स्क्रोल करून पुढे जातो, म्हणून मी काय बघतो ते सांगतो.

सगळ्यात आधी नाव शोधा. "चायनाचा माल", "बाजारात सर्रास मिळणारं" याला नाव म्हणत नाहीत. कंपनी कुठली, नेमकं प्रॉडक्ट कुठलं, बॅच नंबर काय, कुठल्या लॅबने तपासलं, काय सापडलं, किती सापडलं आणि कायद्याने किती चालतं. एवढं सगळं एका बातमीत क्वचितच मिळतं, पण निम्मं जरी असेल तर पुढे वाचा, आणि यातलं काहीच नसेल तर तो कोणाचा तरी व्हिडिओ आहे ज्यावर चॅनलने नुसतं म्युझिक टाकलंय.

नाव असण्याने किती फरक पडतो बघा. २००८ ला चीनमध्ये लहान बाळांच्या दूध पावडरमध्ये मेलामाइन (प्लास्टिक बनवायला लागणारं रसायन) सापडलं तेव्हा तिथल्या पेपरांत आधी "एका कंपनीची पावडर" एवढंच छापून येत होतं, ११ सप्टेंबरला शांघायच्या एका पेपरातल्या ज्येन ग्वांगचौ नावाच्या पत्रकाराने सानलू हे नाव सरळ छापलं आणि मग सगळं प्रकरण बाहेर पडलं. सहा बाळं गेली, तीन लाखांच्या आसपास आजारी पडली. भानगड अशी होती की दुधात पाणी घातलं की प्रोटीन कमी भरतं, पण टेस्टमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून ते टाकलं की कागदावर दूध एकदम चांगलं. भारताने त्याच महिन्यात चीनचं दूध आणि दुधाचे पदार्थ आयात करायला बंदी घातली आणि ती पुढे वाढवत नेली. सगळ्या बातम्या फेक म्हणणाऱ्यांना मी हेच प्रकरण सांगतो.

मग चूक नक्की कोणाची ते बघा. २००७ ला मॅटेल या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने लाखो खेळणी परत मागवली, जगभर हेडलाइन एकच, चायना. काही खेळण्यांच्या रंगात शिसं होतं हे खरं आणि ते तिथल्या कारखान्यांचंच पाप. पण परत मागवलेला बराचसा माल वेगळ्याच कारणाचा होता, त्यातली छोटी लोहचुंबकं सुटून यायची (पोराने दोन गिळली तर आतड्याच्या आतून एकमेकांना चिकटतात, भयानक प्रकार), आणि ते डिझाइन मॅटेलचं स्वतःचं. सप्टेंबरमध्ये कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन माफी मागितली. ती बातमी आतल्या पानावर.

आपल्याकडे नायलॉन मांजाचं तेच चाललंय. संक्रांत जवळ आली की "चायनीज मांजाने गळा चिरला", आणि तो मांजा बहुतेक करून इथल्याच कारखान्यांत बनतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ ला देशभर बंदी घातलीय तरी दर जानेवारीला माणसं आणि पाखरं कापली जातातच. चायना म्हटलं की बरं पडतं, इथला कारखाना कोणाचा ते विचारावं लागत नाही.

आता व्हिडिओंचं. रेशनच्या तांदळाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच, वाडग्यात पाणी, त्यात मूठभर तांदूळ, चार दाणे वर तरंगतात आणि मागून आवाज येतो "बघा बघा, प्लास्टिक". ते दाणे फोर्टिफाइड असतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून मशीनमधून परत दाण्याच्या आकाराचे काढतात आणि साधारण १०० किलो तांदळात १ किलो मिसळतात, म्हणून मुठीत चार-दोनच दिसतात, रंगाला जरा वेगळे आणि वजनाला हलके. पोत्यावर '+एफ' चा लोगो असतो, तो व्हिडिओत कधी दाखवत नाहीत. दाणा जाळून दाखवतात तेही फसवं, तांदूळ स्टार्च आहे, जळणारच आणि काळाही पडणार. भाताचा गोळा करून आपटला की उडतो, घरचा कोलम घ्या, तोही उडतो. आणि थोडं डोकं चालवा, प्लास्टिकचा दाणा महाग की रेशनचा तांदूळ? चीनमधून प्लास्टिक आणून ते तांदूळ म्हणून विकणारा व्यापारी दुसऱ्या दिवशी दुकान बंद करेल. तो मशीनमधून प्लास्टिकचे दाणे पडतानाचा व्हिडिओ आहे ना, तो प्लास्टिक रिसायकलिंगचा आहे. प्लास्टिकची कोबी म्हणून फिरतो तो जपानमधला, तिथे हॉटेलच्या काचेत ठेवायला खोटे पदार्थ बनवतात त्याचा.

सफरचंदाचं पटकन सांगतो. फळावर मेण असतं, मधमाशीचं, कारनौबा किंवा शेलॅक अशा ठरावीक मेणांना आपल्या नियमात परवानगी आहे, फक्त तसं लेबलवर लिहायला लागतं. चाकूने खरवडून पांढरी भुकटी काढली म्हणजे विष सापडलं असं नाही होत. धुवून पुसून खा.

जास्त गोंधळ होतो तो माल आपला असला की. एप्रिल २०२४ ला हाँगकाँगने सांगितलं की एमडीएचच्या तीन आणि एव्हरेस्टच्या एका मसाल्यात इथिलीन ऑक्साइड (जंतू मारायला वापरतात तो वायू) सापडलं, सिंगापूरने एव्हरेस्टचा फिश करी मसाला परत मागवला. इकडे दोन तट पडले, एक म्हणे "घरातला सगळा मसाला फेका", दुसरा म्हणे "भारताला बदनाम करायचा कट". म्हणजे चायनाची बातमी असली की न तपासता खरी आणि आपली असली की न तपासता खोटी. मूळ निवेदन काढून वाचलं असतं तर कळलं असतं की विषय ठरावीक प्रॉडक्टचा आहे, आणि सिंगापूरने त्यातच लिहिलं होतं की कमी प्रमाणात लगेच धोका नाही, पण दीर्घकाळ पोटात गेलं तर त्रास होऊ शकतो म्हणून ते टाळायला हवं. यातलं पहिलं वाक्य एका चॅनलने उचललं, दुसरं दुसऱ्याने. मे मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी आपली केंद्रीय संस्था) सांगितलं की इथे तपासलेल्या नमुन्यांत काही सापडलं नाही. आता हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण नमुने वेगळे, बॅच वेगळी. "क्लीन चिट" असं वाचलं की कुठल्या नमुन्याला एवढं विचारायचं.

लॅबचंही बघा. २०१५ ची मॅगी आठवतेय ना, जून मध्ये बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती उठवली, कारण ज्या लॅबचे रिपोर्ट धरले होते त्यांना मान्यताच नव्हती, मग एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या तीन लॅबमध्ये परत तपासायला लावलं. तेव्हा "लॅबमध्ये सिद्ध झालं" वाचलं की लॅबचं नाव शोधा, नाव नसेल तर सिद्ध काहीच झालेलं नाही.

बातमी बाजूला ठेवून हातातलं पाकीट कसं तपासायचं ते पण सांगतो. खेळणं असेल तर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क लागतोच, परदेशी कारखान्यालाही लागतो, त्यामुळे चायनाचं आहे म्हणजे मार्क नसणारच असं काही नाही. मार्कच्या खाली 'सीएम/एल' आणि पुढे नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका (बीआयएस म्हणजे हा मार्क देणारी सरकारी संस्था), कंपनीचं नाव आणि लायसन चालू आहे का ते दिसतं. स्टेशनबाहेर मिळणारे चार्जर आणि पॉवर बँक यांच्यावर 'आर-' ने सुरू होणारा नंबर हवा, तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो. नुसता मार्क छापून नंबरच दिला नसेल तर घेऊ नका, स्वस्त असलं तरी. बाहेरचं चॉकलेट, बिस्किट असेल तर इथल्या इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबर स्टिकरवर हवा, नसेल तर ते बॅगेतून आलेलं आहे, कोणी तपासलेलं नाही. कुठला परदेशी खाद्यमाल बंदरावर नाकारला हे बघायला एफएसएसएआयने २०२४ मध्ये पोर्टलपण काढलंय.

आणि तो बारकोडचा फॉरवर्ड, "६९० ने सुरू म्हणजे चायना, ८९० म्हणजे भारत", तो डिलीट करा. आकडा कंपनीने नोंदणी कुठे केली ते सांगतो, माल कुठे बनला ते नाही. ८९० वाला डबा चीनमध्ये भरलेला असू शकतो. "मेड इन" कुठे लिहिलंय ते वाचा.

खाण्याच्या वस्तूचा खरंच संशय असेल तर व्हिडिओ करत बसू नका. बिल आणि उरलेलं पाकीट जपून ठेवा, बॅच नंबरचा फोटो काढा, महाराष्ट्रात असाल तर एफडीएच्या (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) १८००-२२२-३६५ वर तक्रार द्या, बाकी मालासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून फूड ॲनालिस्टकडून तपासून घेता येतं, फक्त घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. रिपोर्टमध्ये दोष निघाला तर फी परत मिळते. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.