कंटेनर क्रेन मागे पडतेय? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या पोरांना बंदरावरच्या क्रेनचं भारी अप्रूप. आयटीआय झालेला कुणी भेटला की पहिला प्रश्न ठरलेला : "सर, तासाला किती डबे उचलती ओ?" डबे म्हणजे कंटेनर. मी न्हावा-शेवा बंदरात बारा वर्षं क्रेनच्या मेंटेनन्सला होतो, आता गावी येऊन एका फाउंड्रीचं डिस्पॅच बघतो. धक्क्यावरून जहाजाचे डबे चढवणारी-उतरवणारी क्रेन नीट चालली तर तासाला 25 ते 30 डबे होतात. पण विचारायला हवं ते वेगळंच. ती थांबते किती?

पहिली चूक : वेगाच्या मागे लागणं

क्रेन मागे पडली की सगळे मोटरकडे आणि ड्राइव्हकडे बघतात. आम्हीही तेच करायचो. मग एका रात्रपाळीला मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून क्रेनखाली उभा राहिलो. तासाला 30 डबे म्हणजे एका डब्याला 120 सेकंद. त्या रात्री प्रत्येक डब्यामागे साधारण अर्धा मिनिट क्रेन डबा हवेत धरून ट्रेलरची वाट बघत होती. म्हणजे 150 सेकंदांना एक डबा, तासाला 24. हॉइस्टचा, म्हणजे डबा वर-खाली करण्याचा, वेग वाढवून फार तर चार-पाच सेकंद वाचले असते, आणि तेही पुन्हा ट्रेलरच्या वाट बघण्यातच गेले असते.

अशा वेळी आधी ट्रेलरची फेरी मोजा. एका क्रेनला पाच ट्रेलर बांधून दिलेले असतील आणि यार्डातला डबे रचायचा ब्लॉक दूर असेल, तर पाचही वाटेतच सापडतात. शेजारच्या क्रेनखाली मात्र चार ट्रेलर रांगेत उभे. दोन क्रेनचे ट्रेलर एकत्र वापरले की बरंच काम होतं. जहाजावरून उतरवलेला डबा यार्डात नेणारा ट्रेलर येताना चढवायचा डबा घेऊन आला, तर बऱ्याच रिकाम्या फेऱ्या वाचतात.

झोका

नवा ऑपरेटर ट्रॉली, म्हणजे डबा जिच्याखाली दोरांना लटकतो तो मागेपुढे सरकणारा गाडा, दामटतो, जागेवर आणून कचकन थांबवतो आणि मग डबा झुलत बसतो. झोक्याला लागणारा वेळ वजनावर नाही, दोराच्या लांबीवर ठरतो. 20 मीटर दोर सोडला असेल तर डबा रिकामा असो की भरलेला, एक पूर्ण झोका सुमारे 9 सेकंदांचा. दोन झोके शांत व्हायची वाट बघितली की 18 सेकंद गेले, मघाशी ट्रॉली पळवून वाचवलेले दोन-तीन कुठल्या कुठे.

जुना ऑपरेटर झोका थांबायची वाट बघत नाही, तो झोका पकडतो. डबा पुढे झुलला की ट्रॉली तेवढी पुढे नेऊन त्याच्या डोक्यावर आणतो, आणि डबा तिथेच उभा राहतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, जुन्या माणसाच्या शेजारी केबिनमध्ये बसावं लागतं. यार्डातल्या काही आरटीजी, म्हणजे रबरी टायरवर चालणाऱ्या, क्रेनना आठ दोर तिरके बांधलेले असतात. जोतिबाच्या यात्रेत उंच सासनकाठी डोलू नये म्हणून चारी बाजूंनी दोर ताणून धरतात ना, तसंच. पण एका बाजूचा दोर ढिला पडला तर काठी कुठं जाते हे आपल्याला सांगायला नको. त्या क्रेनमध्ये झोका अचानक वाढला असेल तर ऑपरेटरला दोष देण्याआधी दोरांचा ताण तपासा.

स्प्रेडर आणि सेन्सर

माझ्या पाळीत सर्वांत जास्त फोन स्प्रेडरचे, म्हणजे डब्याला वरून पकडणाऱ्या चौकटीचे, यायचे. चारही कोपरे डब्यावर नीट बसल्याशिवाय ट्विस्टलॉक, म्हणजे कोपऱ्यातली फिरून अडकणारी खिळ, फिरत नाही. चारही लॉक झाल्याशिवाय क्रेन डबा उचलत नाही. चारातला एक सिग्नल आला नाही की काम बंद. दिवसभर आपटून आपटून सेन्सर धरणारं ब्रॅकेट वाकतं, सेन्सर दोन-तीन मिलीमीटर सरकतो, आणि मग कधी सिग्नल येतो, कधी नाही.

इथे लोक जी चूक करतात ती जीवघेणी आहे : सिग्नल बायपास करणं. "सायेब, आत्ता चालू करून द्या, पाळी संपल्यावर बघू." तीन कोपऱ्यांवर लटकलेला डबा मी एकदा पाहिलाय, पुन्हा बघायची इच्छा नाही. कोणता कोपरा दगा देतोय ते लिहून ठेवा. एकाच कोपऱ्याची नोंद आठवड्यात तीनदा आली तर सेन्सर बदलून उपयोग नाही, ब्रॅकेट सरळ करा. वेगवेगळे कोपरे येत असतील तर केबल आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का बघा.

वायर रोपला ग्रीस आणि आरटीजीच्या टायरमधली हवा, ही रोजची कामं. हवा कमी असली की क्रेन सरळ चालत नाही, ऑपरेटरला सारखी लाइन धरावी लागते.

यार्डातली उलटापालट

शाहू मार्केट यार्डात थप्पीच्या तळातला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, काढायचा तर वरचे सगळे हलवावे लागतात. कंटेनरचंही तेच. तळातला डबा आधी लागणार असेल तर वरचे तीन-चार उचलणं हे फुकटचं काम. जड डबा खाली आणि हलका वर, हे वजन खरं सांगितलं तरच जमतं. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. तरीही अंदाजे आकडा ठोकून देणारे आहेतच.

आपल्या दारातली चूक

मागच्या महिन्यात आमच्याकडे 20 फुटी कंटेनर लागला. माल म्हणजे कास्टिंगचे 8 क्रेट, प्रत्येकी 2,600 किलो. पोरांनी दोन-दोनच्या चार रांगा पुढच्या भिंतीला चिकटवून लावल्या, दाराकडे दीड मीटर मोकळं. दिसायला काम चोख. पण आतली लांबी 5.9 मीटर आणि माल 4.4 मीटरमध्येच, म्हणजे पुढच्या अर्ध्या भागात जवळजवळ 67 टक्के वजन. नियम सांगतो, एका अर्ध्या भागात 60 टक्क्यांच्या वर नको. असा डबा बंदरात उचलला की एका बाजूला कलतो. जहाजात डबा खाली सोडायच्या उभ्या गाइडमध्ये तिरका जाऊन अडकतो. ऑपरेटरला स्प्रेडर तेवढाच तिरका करून तो बसवावा लागतो, आणि त्या 120 सेकंदांचं पार वाटोळं होतं.

मी खडूनं फ्लोअरच्या मधोमध रेघ मारली आणि चार-चार क्रेट दोन्ही बाजूंना सारखे घ्यायला लावले. फोर्कलिफ्टवाला खाली उतरून बघत राहिला.

"म्हंजे पुढंबी मोकळं आणि दाराकडंबी मोकळं? मग लाकूड दोन्हीकडं ठोकाय लागतंय की ओ."

लागतंच. पाऊण-पाऊण मीटरला दोन्हीकडे टेकू दिले आणि कंटेनर पावणेपाचला गेटबाहेर गेला. लाकडाचं बिल बघून मालक दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.