सिंग्लिश कळायला हवी, तर इंग्रजीमागची मलय ऐका

सिंग्लिश म्हणजे सिंगापूरची बोलीतली इंग्रजी. इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी एकच युक्ती सांगते. शब्द ओळखीचा इंग्रजी आहे, पण वाक्यात अर्थ जुळत नाही? मग ऑफिसातल्या एखाद्या मलय सहकाऱ्याला विचारा, 'तुमच्या भाषेत हे कसं म्हणतात?'

'शेक लेग' घ्या. इंग्लंडमध्ये 'शेक अ लेग' म्हणजे चटचट आवर. इथे शेक लेग करणारा माणूस काहीच करत नसतो. मलयमध्ये 'गोयांग काकी', म्हणजे पाय हलवणे, हा रिकामटेकडेपणाचा वाक्प्रचार आहे. शब्द इंग्रजी झाले, अर्थ मलयच राहिला. बसल्या बसल्या पाय हलवले म्हणून आजीची बोलणी खाल्लेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

मैत्रीण 'आय सेंड यू होम' म्हणाली, तर ती तुम्हाला घरी सोडणार आहे. मलय 'हान्तार'मध्ये पाठवणं आणि पोचवणं दोन्ही येतं. मँडरिनच्या 'सोंग'मध्येही येतं, म्हणून हा वापर इतका पक्का रुजलाय. 'यू वॉन्ट टू फॉलो?' म्हणजे 'येतेस का बरोबर?', त्यामागे मलय 'इकुत' आहे.

सगळ्यात जास्त वेळ 'केना'ला द्या. मलयमध्ये त्याचा अर्थ लागणे, आदळणे. सिंग्लिशमध्ये तो इंग्रजी शब्दाआधी येतो: 'केना फाइन', 'केना स्कोल्डिंग'. मराठीतलं 'बसणे' तिथे घालून बघा: दंड बसला, ओरडा बसला. आपण 'बक्षीस बसलं' म्हणत नाही; केनासुद्धा बहुधा वाईटच गोष्टींना लागतो. पार्किंग चुकलं की 'केना समान' होतं. हे आपलं सामान नव्हे. इंग्रजी समन्स मलयमध्ये 'समान' झालं आणि दंडाची पावती बनून सिंग्लिशमध्ये आलं.

असा प्रवास 'गोस्तान'नेही केलाय. जहाजावरचा 'गो अस्टर्न' हा हुकूम मलयमध्ये गोस्तान झाला. आता गाडी मागे घ्यायला तोच म्हणतात.

याला मोडकं इंग्रजी म्हणणं मला अजिबात मान्य नाही. सरकारने 2000 साली शुद्ध इंग्रजीची मोहीम सुरू केली, तरी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या सामायिक जागेत, टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल अडवणं आजही 'चोप'च आहे. तो शब्द शिक्क्यासाठीच्या 'चॉप'वरून आला, आणि चॉप आपल्याच 'छाप'वरून.

नवा शब्द कानावर आला की सुटा लिहू नका. अख्खं वाक्य लिहा, कोण कोणाला म्हणालं तेही लिहा. केनासारखे शब्द सुटे लिहिले तर वहीत नुसते पडून राहतात.