पर्समधला फोन आणि मंडळीचं काम

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नव्यानं जबाबदारी घेतलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कुठलं ॲप घेऊ?" ॲपचं नंतर बघू. आधी दुसरं सिम घ्या.

मी दिवसभर पुण्यात टिळक रस्त्याजवळ एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते आणि संध्याकाळी नि रविवारी महिला मंडळ, संडेस्कूल बघते. महिन्याची २० तारीख, रिटर्नचा शेवटचा दिवस, पोर्टल रांगतंय, साहेब मागे उभे, आणि त्याच वेळी कुणीतरी विचारतं, "आजची घरची प्रार्थना कुणाकडे?" त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या लेखी मी मंडळीची, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. म्हणून मंडळीचा नंबर वेगळा हवा. एकाच अँड्रॉइड फोनवर दोन व्हॉट्सॲप खाती चालतात, ही सोय २०२३ पासून आहे. ऑफिसच्या वेळात 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, पण त्यातून पाळकसाहेब, सेक्रेटरी आणि ज्यांच्या घरचं माणूस दवाखान्यात आहे असे नंबर वगळा; त्यांचा फोन वाजलाच पाहिजे. शिवाय उद्या जबाबदारी दुसऱ्याकडे गेली की सिम आणि व्हॉट्सॲपचा टू-स्टेप पिन त्यांच्या हाती द्यायचा. मग नंबर मंडळीचाच राहतो आणि लोकांना नवा पाठ करावा लागत नाही.

आता ॲप. यूव्हर्जनचं बायबल ॲप २००८ सालचं आहे, फुकट आहे, आणि त्यात मराठी पवित्र शास्त्राच्या एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. तुमच्या मंडळीत व्यासपीठावरून जी वाचतात तीच निवडा आणि ऑफलाइन उतरवून ठेवा. बहुतेक मंडळ्यांत बायबल सोसायटीची रिव्हाइज्ड व्हर्जन असते. अभ्यासाला बसलेल्या आजींच्या हातात एक पाठ आणि तुमच्या फोनवर दुसरा असला, तर अर्धा तास "माझ्यात असं नाहीये" यातच जातो. आणि ऑफलाइन का? मी रामवाडीहून मेट्रो पकडते आणि जिल्हा न्यायालयाला बदलून मंडईला उतरते. शेवटचा टप्पा भुयारी आहे, रेंजचा भरवसा नाही. रविवारच्या संदेशाची तयारी माझी तिथेच होते.

खरी कसोटी मराठी टायपिंगची. प्रत्येक मंडळीच्या कपाटात नाहीतर कुणाच्या तरी जुन्या पेनड्राइव्हवर उपासनेचे क्रम आणि गीतं श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात टाइप केलेली सापडतात. फोनवर उघडलीत की नुसता इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो, कारण तो मजकूर युनिकोडात, म्हणजे सगळ्या फोनना कळणाऱ्या अक्षरांत, नाही. कन्व्हर्टरनं बदलता येतो, पण नंतर ओळ न् ओळ वाचावीच लागते. रफार भलत्या अक्षरावर बसतो, 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, पहिल्या वेलांट्या सरकतात. बोलून टाइप करण्याची सोय फार चांगली, निरोपांसाठी मी तीच वापरते. पण नहेम्या, हबक्कूक, थेस्सलनीका अशी बायबलमधली नावं आली की ती काय ऐकेल सांगता येत नाही. असे शब्द कीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत शॉर्टकट देऊन टाका. हे कंटाळवाणं वाटत असेल तर केडगाव आठवा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं अख्खं बायबल तिथल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं, आणि अक्षरांचे खिळे जुळवायला तिथल्या बायका-मुलीच होत्या. ते १९२४ साली बाहेर आलं, रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या. आपल्याला तर फक्त रफार दुरुस्त करायचेत!

ग्रुपबद्दल माझं मत थोडं कडक आहे. सूचनांचा ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवा, नाहीतर दफनविधीची वेळ 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडली जाते. तो निरोप लिहितानाही दफनभूमीचं पूर्ण नाव टाका. पुण्यात ख्रिस्ती दफनभूम्या अनेक आहेत, नुसतं 'सिमेट्रीत चार वाजता' लिहिलंत तर निम्मे लोक भलतीकडे पोचतील. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. २५६ जणांची मर्यादा आहेच, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप जातच नाही, आणि बहुतेक आजी-आजोबांनी तो केलेला नसतो. त्यांना फोनच करा.

प्रार्थना विनंत्या ग्रुपवर नकोतच. "अमक्या ताईंना अमुक आजार, ससूनला दाखल" हे कळकळीनं लिहिलं जातं आणि संध्याकाळपर्यंत ताईंच्या सासरी, ऑफिसात, सोसायटीत पोचतं. त्यांनी तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं. ग्रुपवर "एका भगिनीसाठी प्रार्थना करा" एवढं पुरे. देवाला नाव माहीत आहे. तपशील ज्या दोघी-तिघी भेटायला जाणार, त्यांना तोंडी सांगा. संडेस्कूलच्या मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. घरच्या प्रार्थनेचा फोटो किंवा लोकेशनही घरच्यांना विचारूनच.

आजाऱ्याच्या भेटीला गेलं की फोन बंद करून पर्समध्ये. तेविसावं स्तोत्र वाचताना वरून ऑफर्सचा मेसेज सरकतो, आणि खाटेवरच्या माणसाला वाटतं, ही घाईत आहे. मी बायबलचा छापील नवा करारच नेते, त्यात स्तोत्रंही असतात. ज्यांची नजर गेलीय त्यांच्या नातवाच्या फोनवर मात्र ऑडिओ बायबल लावून द्या, ही फोनची सगळ्यात मोठी सेवा आहे असं मला वाटतं.

दानाचं थोडक्यात, कारण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे आणि सुरू झाले की थांबत नाही. क्यूआर कोड मंडळीच्या बँक खात्याचाच हवा. "तात्पुरतं माझ्या नंबरवर पाठवा" हे एकदाही नको. ते पैसे कागदोपत्री तुमचे दिसतात आणि उद्या आयकरानं विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. यूपीआयनं आलेल्या दानाचीही पावती फाडायची. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. बाहेरच्या कुणी प्रेमानं "तुझ्याच खात्यात टाकतो" म्हटलं, तर आभार माना आणि खजिनदारांचा नंबर द्या.